बेडूक, बायकीपणा आणि आपली बावळट भांडणं

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आला. पाण्यातल्या केमिकलमुळे बेडूक बायकी व्हायला लागलेत, मासे पण, आता पुढचा नंबर आपल्या पोरांचा, म्हणून प्लास्टिकचे डबे आजच फेका आणि तांब्याच्या तांब्यातलं पाणी प्या. पाठवणारे काका रिटायर्ड आहेत, मनाने चांगले, फक्त पहाटे पाचपासून फॉरवर्ड करत असतात. लगेच आयटीतल्या एका मुलाने हसून लोळणारे चार इमोजी टाकले आणि लिहिलं, काका हे अमेरिकेतल्या त्या ॲलेक्स जोन्सचं आहे, बेडकांना गे करतायत म्हणून ओरडणारा, सगळी कॉन्स्पिरसी थिअरी. मग काका चिडले, मग कुणीतरी आजकालच्या पोरांच्या लांब केसांवर घसरलं, मग कुणीतरी हे होमोफोबिक आहे म्हणालं, आणि पुढच्या साठेक मेसेजमध्ये बेडूक हा शब्द एकदाही आला नाही. मी मोजले.

मला दोघांचाही वैताग आला, कारण वीसेक वर्षं ज्युनियर कॉलेजला बायॉलॉजी शिकवल्यावर एवढं तरी कळतं की काकांचा फॉरवर्ड जितका चुकीचा होता तितकंच त्या मुलाचं हसणंही चुकीचं होतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हार्मोनमध्ये गडबड करणारी प्रदूषकं ही खरी भानगड आहे, वन्य प्राण्यांमध्ये ती गेली पन्नास वर्षं दिसतेय आणि काही बाबतीत तर शंकेला जागाच नाही इतकी पक्की सिद्ध झालीय. पण तिचा मर्दानगीशी, बायकीपणाशी, कुणी कुणावर प्रेम करावं याच्याशी काडीचा संबंध नाही. ही वीण बंद पडण्याची गोष्ट आहे, अंडी न घातली जाण्याची, पिल्लं न होण्याची. आणि 'आधी माणसाला काय होतं ते सिद्ध करा, मग बघू' ही जी अट शहाणी माणसं घालतात ना, ती मला काकांच्या फॉरवर्डपेक्षाही जास्त घातक वाटते.

बेडकांकडे नंतर येऊ, ते प्रकरण गुंतागुंतीचं आहे. सगळ्यात पक्की केस आहे एका गोगलगायीची आणि ती कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण त्यात घाबरवायला पुरुष नाहीयेत.

बोट पाण्यात राहिली की तिच्या तळाला शेवाळ, कालवं, बार्नॅकल असलं काय काय चिकटतं, बोट जड होते, डिझेल जास्त पिते. त्यावर १९६० च्या दशकात एक झकास रंग आला, त्यात टीबीटी होतं, म्हणजे ट्रायब्युटाइल टिन. तळ वर्षानुवर्षं स्वच्छ राहायचा, सगळे खूश. मग १९७० साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या किनाऱ्यावर ब्लेबर नावाच्या संशोधकाला डॉगव्हेल्क नावाच्या शंखातल्या गोगलगायींमध्ये विचित्र प्रकार दिसला, माद्यांना नरासारखं लिंग उगवलेलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुसऱ्याच जातीच्या गोगलगायीत स्मिथला तेच दिसलं, त्याने त्याला नाव दिलं इम्पोसेक्स, म्हणजे एका लिंगावर दुसरं लादलेलं. पण हे बोटींच्या रंगामुळे होतंय हे जुळवायला आणखी दहा वर्षं गेली. तोपर्यंत फ्रान्समध्ये आर्काशाँच्या खाडीत कालवांची शेती बसली होती. पिल्लं धरत नव्हती, जी वाढत होती त्यांची शिंपली जाड होऊन आत पोकळ्या पडायच्या, ती बाजारात कोण घेणार? फ्रान्सने १९८२ साली छोट्या बोटींवर, २५ मीटरच्या आतल्या, हा रंग लावायला बंदी घातली. आता बघा, ती बंदी गोगलगायीसाठी नव्हतीच, कालवं विकणाऱ्यांचा धंदा बुडत होता म्हणून होती. गोगलगायीला मतदारसंघ नसतो.

मादीला जादा अवयव फुटला तर बिघडलं काय, असं वर्गात एकदा एका मुलाने विचारलं होतं, चांगला प्रश्न होता. बिघडतं असं की त्या अवयवाबरोबर वीर्य वाहून नेणारी नळीही वाढते आणि वाढत वाढत मादीची अंडी बाहेर टाकायची वाटच बुजवून टाकते. अंड्यांच्या कुप्या आत साठत राहतात, काळ्या पडतात आणि शेवटी मादी मरते. आणि डॉगव्हेल्कची पिल्लं पाण्यातून तरंगत लांब जाणारी नाहीत, कुपीतून बाहेर आली की तिथल्याच खडकावर रांगतात. म्हणजे एका खाडीतली वीण संपली की शेजारच्या खाडीतून भरपाई होत नाही, झाली तरी कित्येक वर्षांनी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोटींची वर्दळ असलेल्या कित्येक जागी डॉगव्हेल्क दिसायचीच बंद झाली.

हे सगळं किती विषामुळे? लिटरला एक-दोन नॅनोग्रॅम. हा आकडा ऐकून डोक्यात काहीच येत नाही म्हणून मी एकदा पुण्याच्या मापात हिशोब करून बघितला. खडकवासला धरणात वापरण्याजोगं पाणी साधारण दोन टीएमसी मावतं. एवढ्या पाण्यात लिटरमागे एक नॅनोग्रॅम भरायला किती टीबीटी लागेल? साधारण पाच-सहा तोळे. लग्नात नवरीच्या अंगावर याच्यापेक्षा जास्त सोनं असतं.

इथे हमखास तो सोळाव्या शतकातला पॅरासेल्सस येतो, विष मात्रेत असतं म्हणणारा. कीटकनाशकवाले, रंगवाले, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्यासारखे बायॉलॉजी शिकवणारेही हे वाक्य कित्येक वर्षं सांगत आले. वाक्य चुकीचं नाही, पण हार्मोनला ते तसंच्या तसं लावता येत नाही. कारण हार्मोन हा विषासारखं काही जाळत-पोळत नाही, तो निरोप असतो. पूर्वी आपण रात्री दुधाच्या पिशवीत चिठ्ठी ठेवायचो, उद्या दूध नको. आता दुसऱ्याच कुणी आपल्या पिशवीत तशी चिठ्ठी टाकली तर सकाळी दूध येणार नाही. तो कागद किती ग्रॅमचा होता याला काही अर्थ आहे का? आणि चिठ्ठी दूधवाला यायच्या आधी पडली तर काम करते, नऊ वाजता टाकली तर कागद वाया. हार्मोनचं अगदी असंच आहे. अंड्यात किंवा पोटात जीव घडत असतो तेव्हा थोडेच दिवस असे असतात की त्यात ठरतं, हा अंडाशय होणार का वृषण, नळ्या कुठल्या राहणार, कुठल्या विरघळणार. त्या दिवसांत खोटी चिठ्ठी पडली तर झालेला बदल जन्मभर राहतो, आणि तीच मात्रा मोठ्या प्राण्याला दिली तर कदाचित काहीच दिसत नाही. म्हणून मोठ्या उंदरावर टेस्ट करून सेफ म्हणणं पुरत नाही. बाय द वे, टीबीटीची खोटी चिठ्ठी नेमकी कुठल्या खोक्यात पडते यावरही वाद होता. आधी वाटायचं की टेस्टोस्टेरॉन या नराच्या हार्मोनचं इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन करणारं एन्झाइम ते बंद पाडतं. २००४ नंतर जपानमधल्या कामातून दिसलं की ते पेशीतल्या रेटिनॉइड एक्स नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं. म्हणजे 'कसं' ते नीट कळायच्या बावीस वर्षं आधी फ्रान्सने बंदी घातली होती. चूक केली का त्यांनी?

आता काकांसाठी एक गंमत. टीबीटीमुळे माद्या नरासारख्या होतात, उलटं नाही. फ्लोरिडातल्या एका कागद कारखान्याच्या सांडपाण्यात गंबुशियाच्या माद्यांना, हा आपल्याकडे डासांच्या अळ्या खायला टाकतात त्याच कुळातला मासा, नरासारखा लांब पर फुटलेला १९८० च्या सुमारास सापडला होता. म्हणजे सगळी केमिकल 'बायकी' करतात ही समजूतच खोटी, कुठलं केमिकल कुठली चिठ्ठी लिहितं त्यावर आहे. आणि याहून भारी गोष्ट इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या डम्पटन गॅपची. तिथल्या डॉगव्हेल्कांमध्ये एक आनुवंशिक दोष होता, नरांचं लिंग नीट वाढायचंच नाही, काहींना नसायचंच. तोच दोष माद्यांमध्येही असल्यामुळे टीबीटी आलं तरी त्यांच्यात जादा अवयव नीट उगवला नाही, अंड्यांची वाट मोकळी राहिली, आणि आजूबाजूच्या वसाहती गेल्या तरी ही वस्ती तगली. ज्यांची मर्दानगी कमी तेच वाचले, टाका हे ग्रुपवर.

बरं, आता समोरच्या बाजूचं खरंच वजनदार म्हणणं. ते मी उडवून लावणार नाही, कारण या विषयात आमच्या बाजूच्या लोकांनीही बरंच अती केलंय.

पहिलं म्हणजे प्रत्येक केस गोगलगायीइतकी स्वच्छ नसते. फ्लोरिडातलं अपोप्का तळं बघा. १९८० साली तिथे टॉवर केमिकल नावाच्या कंपनीतून डायकोफॉल नावाचं कीटकनाशक आणि त्याच्यातलं डीडीटी सांडलं, आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या ॲलिगेटरची, म्हणजे तिकडच्या मगरींची, संख्या जवळजवळ ९० टक्क्यांनी घसरली. लू गियेट नावाचा शास्त्रज्ञ खरं तर ॲलिगेटर पाळायला अंडी किती काढता येतील ते बघायला तिकडे गेला होता, आणि त्याला अंडी उबतच नसल्याचं दिसलं. १९९० च्या दशकात त्याच्या टीमने दाखवलं की वूडरफ नावाच्या स्वच्छ तळ्यातल्या पिल्लांच्या मानाने इथल्या नर पिल्लांत टेस्टोस्टेरॉन तिपटीहून कमी, लिंग लहान, आणि माद्यांच्या अंडाशयात एका पिशवीत एकाऐवजी अनेक बीजांडं. मुख्य संशय डीडीटीपासून तयार होणाऱ्या डीडीई या पदार्थावर होता, तो नराच्या हार्मोनची वाट अडवतो हे १९९५ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. पण त्याच तळ्यात वर्षानुवर्षं शेतांचं खत आणि इतर कीटकनाशकंही येत होती, गावाचं सांडपाणी येत होतं, मग दोष नेमका कुणाचा? पुढे सांडलवंड न झालेल्या काही तळ्यांतही असले बदल दिसले. मगरीत तर आणखी एक भानगड, नर होणार का मादी हे अंडं किती तापमानाला उबतं त्यावर ठरतं, ३० अंशाच्या आसपास माद्या, ३३ ला नर. एवढ्या दोऱ्यांतून एकच दोरा ओढून 'हाच गुन्हेगार' म्हणणं अवघड आहे हे मान्य.

दुसरं म्हणजे बेडूक. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचा संशोधक टायरोन हेझ याने २००२ साली छापलं की ॲट्राझिन हे तणनाशक एक अब्जांश भागाच्या दहाव्या हिश्श्याइतकं असलं तरी बेडकाच्या नर पिल्लांत अंडाशयाचे भाग दिसतात. २०१० मध्ये त्याने ४० नर बेडूक ॲट्राझिनच्या पाण्यात वाढवून दाखवलं की त्यातले १० टक्के चक्क माद्या झाले, त्यांनी अंडीही घातली. फॉरवर्डचं मूळ हे. पण २००७ साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, ईपीएने, निष्कर्ष काढला की ॲट्राझिनचा बेडकांच्या जननग्रंथींवर परिणाम होत नाही, त्यासाठी खात्याच्या देखरेखीखाली झालेल्या मोठ्या प्रयोगात हेझसारखे परिणाम आले नव्हते. त्या प्रयोगाला पैसा ॲट्राझिन बनवणाऱ्या सिंजेंटाचा होता हे खरं, आणि पुढे कोर्टाच्या केसमध्ये कंपनीची अशी कागदपत्रं बाहेर आली ज्यात हेझची विश्वासार्हता कशी संपवायची याच्या नोंदी होत्या, हेही खरं. पण कंपनी वाईट वागली म्हणून हेझचे आकडे आपोआप बरोबर ठरत नाहीत, हे आपल्याच बाजूच्या लोकांना सांगताना मला शिव्या पडल्यात. बेडकाचा वाद मिटलेला नाही असंच मी म्हणेन.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जड जातो. इंग्लंडच्या नद्यांत रोच नावाचा मासा असतो, आपल्या रोहूचा लांबचा नातेवाईक. १९७० च्या दशकाच्या शेवटी मैलापाणी साफ करणाऱ्या केंद्रांच्या तळ्यांत नर का मादी कळत नाही असे मासे सापडायला लागले. मग संशोधकांनी पिंजऱ्यात ट्राउट मासे घालून त्या पाण्यात सोडले आणि नरांच्या रक्तात अंड्याचा बलक बनवणारं प्रथिन हजारो पटींनी वाढलेलं सापडलं. १९९८ मध्ये जॉब्लिंग आणि सहकाऱ्यांनी नद्यांमधले रोच तपासले, काही ठिकाणी तर तपासलेल्या प्रत्येक नराच्या वृषणात कमीजास्त बीजांडं. केवढी खळबळ झाली तेव्हा. पण पुढे काय झालं? रोच संपले नाहीत. सांडपाण्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या वस्त्या स्वतःच्या जोरावर टिकून आहेत असं नंतरच्या जनुकीय अभ्यासात दिसलं. मग समोरचा विचारतो, मॅडम, वृषणात चार बीजांडं सापडली, पण मासे तर आहेत ना तेवढेच? मग नेमकं नुकसान काय?

प्रश्न रास्त आहे. (आणि त्या काळात वर्तमानपत्रांनी हे सगळं बायकांच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर ढकललं तेही सांगायला हवं. गोळीतलं इथिनिल इस्ट्रॅडिऑल जोरकस असतं हे बरोबर, पण त्या पाण्यात वजनाने जास्त होतं ते सगळ्यांच्या शरीरातून, हो पुरुषांच्याही, लघवीवाटे जाणारं नैसर्गिक इस्ट्रोजेन, आणि एका नदीत तर लोकर धुणाऱ्या गिरण्यांच्या साबणातलं, इस्ट्रोजेनची नक्कल करणारं नोनिलफिनॉल. पण खापर फोडायला बाईचं डोकं बरं असतं.)

तर नुकसान काय. याचं उत्तर कॅनडात मिळालं, आणि ते उत्तर कुणी वाद घालून नाही, प्रयोग करून दिलं. ऑन्टारियोत प्रयोगांसाठीच राखून ठेवलेली तळी आहेत, त्यातल्या २६० नंबरच्या तळ्यात कॅरन किड आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे गोळीतलं तेच इस्ट्रोजेन टाकलं, लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम. म्हणजे आपल्या खडकवासल्याच्या भाषेत पाव किलोच्या थोडं वर. त्या तळ्यातला फॅटहेड मिनो हा छोटा मासा जवळपास नामशेष झाला. नरांचं वृषण बिघडलं, नवी पिल्लं आली नाहीत, आणि हा मासा जगतोच दोन-तीन वर्षं, त्यामुळे दोन हंगाम चुकले की खेळ खलास. तो खाणाऱ्या मोठ्या ट्राउटचीही उपासमार व्हायला लागली. शेजारच्या ज्या तळ्यांत काही टाकलं नव्हतं तिथे काहीच झालं नाही. इथे खत नाही, शेत नाही, तापमान नाही, एकच दोरा ओढला आणि तोच तुटला. मग टाकणं बंद केल्यावर काही वर्षांत मिनो परत भरले, हेही तितकंच महत्त्वाचं.

म्हणून रोच टिकले याचा अर्थ 'काही होत नाही' असा निघत नाही, तो 'रोचला, तेवढ्या मात्रेत, त्या नद्यांमध्ये एवढं झेपलं' एवढाच निघतो. मिनोला झेपलं नाही, डॉगव्हेल्कला झेपलं नाही. कुठल्या जीवाला काय झेपेल ते आधी कुणाला माहीत होतं? आणि मला यातली मूळ खोच वेगळीच वाटते. 'संख्या घटली का ते दाखवा' हा निकष ठेवला तर पुरावा मिळतो कधी? संख्या घटल्यावर. दोन वर्षं जगणाऱ्या माशात तो लवकर मिळेल. पन्नास वर्षं जगणाऱ्या प्राण्यात म्हातारे तसेच फिरत राहतात, लांबून बघणाऱ्याला सगळं आलबेल, फक्त मागून कुणी येत नसतं.

आपल्याला हे परदेशातून शिकायची गरजच नाहीये, आपण गिधाडं घालवून बसलोय. डायक्लोफिनॅक काही हार्मोनवालं विष नाही, ते गिधाडाची किडनी बंद पाडतं, म्हणून उदाहरण तंतोतंत नाही हे मान्य. पण पुराव्याची गोष्ट तीच. १९९० च्या दशकात गिधाडं पडायला लागली, आधी रोग असेल, व्हायरस असेल म्हणून शोध चालला. २००४ साली कळलं की जनावरांना देतात त्या दुखण्याच्या औषधामुळे होतंय, २००६ साली जनावरांसाठी ते बंद झालं, आणि तोपर्यंत तीन जातींतली शंभरातली पंचाण्णवच्या वर गिधाडं गेली होती. माझ्या लहानपणी मेलेल्या बैलाभोवती ती दिसायची, माझ्या मुलाने फक्त पुस्तकात बघितली. आणि गंमत म्हणजे पर्यायी औषध, मेलॉक्सिकॅम, हाताशी होतं. पुरावा हवाच, पण पुरावा म्हणजे नेहमी प्रेतच का लागतं आपल्याला?

शेवटचा मुद्दा खर्चाचा, आणि तो मी खरंच मनापासून घेते. माझ्या माहेरी मक्याला ॲट्राझिन मारतात. भाऊ म्हणतो, ताई, खुरपायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, तुझे बेडूक सांभाळू का माझा मका? त्याला मी बेडकाच्या अंडाशयावर लेक्चर देऊ शकत नाही. आणि बंदी घातली की पर्याय निरुपद्रवीच असतो असंही नाही, टीबीटी गेल्यावर बोटींच्या रंगात तांबं आणि डाययुरॉनसारखी तणनाशकं आली, त्यांचे वेगळे त्रास निघाले. पण युरोपने ॲट्राझिन कसं काढलं ते बघा. बेडूक नर का मादी या वादात ते पडलेच नाहीत. त्यांचा साधा नियम आहे, प्यायच्या पाण्यात कुठलंही एक कीटकनाशक लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमच्या वर नको, भूजलात ॲट्राझिन त्याच्या खाली राहील याची खात्री देता येत नव्हती, म्हणून २००३-०४ मध्ये ते नाकारलं. सिद्ध करायची जबाबदारी बेडकावर नव्हती, विकणाऱ्यावर होती. मका युरोपात आजही पिकतोय. आपल्याकडे २०२० साली २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा निघाला, त्यात ॲट्राझिन होतं. २०२३ च्या अंतिम आदेशात पूर्ण बंदी आली ती मोजक्याच नावांवर, आणि त्यात ॲट्राझिन नव्हतं. डायकोफॉल मात्र होतं. तेच डायकोफॉल, अपोप्का तळ्यात १९८० साली सांडलेलं. त्रेचाळीस वर्षं.

आणि आपण मोजतोय काय? आमच्या सोसायटीत एसटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करायचं केंद्र, आहे, त्याचा रिपोर्ट दर महिन्याला नोटीस बोर्डावर लागतो. पीएच, बीओडी, गाळ, कॉलिफॉर्म, सगळं नियमात. त्यात हार्मोनचा कॉलमच नाही, कारण कायद्यात मागितलेलाच नाही, आणि शहरांच्या मोठ्या केंद्रांनाही नियम हेच. म्हणजे पाणी पास झालं म्हणताना आपण त्याला हा पेपर दिलेलाच नसतो. मग 'आपल्याकडे असं काही होत नाही' हे कुठल्या जोरावर म्हणायचं? न बघितल्याच्या?

जिथे बघितलं तिथे सापडलंय की. गोव्याच्या एनआयओ या समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९९९ साली मुरगाव बंदराच्या भागातल्या गोगलगायींमध्ये इम्पोसेक्स झाल्याचं छापलं, भारतातली ही पहिली नोंद. त्या गोगलगायीचं शास्त्रीय नावच क्रोनिया कोंकणेन्सिस, म्हणजे आपली कोकणची. २००४ साली त्याच संस्थेतल्या लोकांनी पश्चिम किनाऱ्यावरचं पाणी, गाळ आणि प्राणी यांच्यात टीबीटीच्या कुळातली रसायनं मोजून दाखवली. टीबीटीवरचा आंतरराष्ट्रीय करार २००१ चा, तो लागू झाला २००८ साली, आपल्या मर्चंट शिपिंग कायद्यात त्यासाठीची दुरुस्ती झाली २०१४ मध्ये. आणि जिथे जिथे हा रंग खरोखर थांबला, इंग्लंडमध्ये, फ्रान्समध्ये, तिथे डॉगव्हेल्क हळूहळू खडकांवर परत आली. प्रदूषणाच्या इतिहासात इतकी सरळ 'थांबवलं आणि सुधारलं' अशी गोष्ट फार कमी वेळा बघायला मिळते.

मग आपल्याकडे सुधारलं का? हे बघायला करोडोंची मशिनंही लागत नाहीत. ओहोटीचं वेळापत्रक, एक पिशवी, साधा डिसेक्टिंग मायक्रोस्कोप आणि मिलिमीटरची पट्टी. बंदराजवळच्या वीस माद्या, लांबच्या खडकावरच्या वीस माद्या, किती जणींना उगवलंय, केवढं उगवलंय, लिहून काढायचं, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी परत जायचं. रत्नागिरी, मालवण, अलिबाग, श्रीवर्धन, कुठल्याही झूऑलॉजी डिपार्टमेंटच्या सेकंड इयरच्या पोरांना एका हिवाळ्यात जमेल असं हे काम आहे. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, खाली खडकवासल्याचा हिशोब टाकला. काकांनी नमस्काराचा इमोजी टाकला, त्या आयटीवाल्या मुलाने विचारलं, ओहोटी किती वाजता असते.